‘डिस्क गेली’ या निदानाची पंचवीस वर्षं

लिनक्स टाकताना हार्ड डिस्कची एरर आली की ‘डिस्क गेली’ म्हणून मोकळं व्हायची आपली जुनी सवय आहे. गेल्या पंचवीस वर्षांत गाजलेल्या एरर एकेक करून तपासल्या, तर हे निदान बरेचदा घाईचं होतं असं दिसतं. शहरात ही घाई परवडते, मावळातल्या आमच्या मळवलीसारख्या गावात परवडत नाही. इथून नवी डिस्क आणायची म्हणजे पुण्याची लोकल पकडायची, नाहीतर थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा. त्यात दिवस मोडतो, पैसे जातात, आणि दोष दुसरीकडेच असेल तर नव्या डिस्कवरही तीच एरर उभी राहते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबतच्या सीडींमधून लिनक्स अनेकांच्या हाती आलं. तेव्हा इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडायचं, मशीन रीस्टार्ट व्हायचं आणि पडद्यावर ‘एलआय’ एवढी दोनच अक्षरं उमटून सगळं थिजायचं. ‘लिलो’ हा बूटलोडर स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर एकेक टप्पा पार पडल्यावर छापत असे, त्यामुळे तो कुठे अडला हे त्या अर्धवट नावातच लिहिलेलं असे. दुसरं अक्षर येऊन थांबला, तर बहुधा डिस्कची मोजमापं बायोस एक सांगत होता आणि लिलो दुसरीच धरून चालला होता. जुन्या बायोसला १०२४ सिलिंडरांपलीकडचं, म्हणजे साधारण ८.४ जीबीच्या पुढचं, वाचताच येत नसे. कर्नल त्या रेषेपलीकडे पडला की बूट बंद. डिस्क धडधाकट होती. सुरुवातीलाच छोटं ‘बूट’ पार्टिशन काढलं की काम भागायचं.

पुढे वेग वाढला आणि दोष केबलकडे सरकला. ‘अल्ट्रा डीएमए ६६’साठी ४० ऐवजी ८० तारांची आयडीई केबल लागे. जुनीच केबल राहिली किंवा ती सैल बसली, की कर्नलच्या लॉगमध्ये ‘बॅडसीआरसी’ची रांग लागे. या शब्दाचा अर्थ नेमका आहे: माहिती वाटेत बिघडली. डिस्कवरचा सेक्टरच वाचता आला नाही, तर तिथे ‘अनकरेक्टेबल एरर’ असं वेगळं लिहिलेलं असतं. या दोन शब्दांतला फरक म्हणजे केबलची किंमत आणि डिस्कची किंमत यांतला फरक. मावळातला पावसाळा ध्यानात घेतला तर आधी कनेक्टर काढून, पुसून, घट्ट बसवून पाहणं इथे जास्तच शहाणपणाचं.

‘त्याच डिस्कवर विंडोज चालतं, मग दोष लिनक्सचाच’ हा आक्षेप तेव्हा हमखास यायचा. पण विंडोज एक्सपी अशा चुका साठत गेल्या की डीएमए सोडून संथ पीआयओ पद्धतीवर उतरत असे, आणि वापरणाऱ्याला ते कळतही नसे. मशीन मंदावलं एवढंच जाणवायचं. शिवाय इन्स्टॉलेशनमध्ये डिस्कच्या एरवी हात न लागणाऱ्या भागांवरही लिहिलं जातं. जुना दोष त्या वेळी उघडा पडतो, त्याच वेळी निर्माण होतो असं नाही. ग्रामीण महाराष्ट्रातल्या भारनियमनाच्या वर्षांत आणखी एक कारण होतं. मध्येच वीज गेली की ‘ईएक्सटी२’ फाइलसिस्टिम विस्कटे आणि तेही डिस्कच्याच नावावर खपे. २००१ मध्ये कर्नलमध्ये आलेल्या ‘ईएक्सटी३’च्या जर्नलिंगने तो त्रास खूप कमी केला.

डिस्क मरतच नाहीत, असं मात्र कोणी समजू नये. त्या मरतात, आणि मरण्याआधी बहुतेकदा सांगतात. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेच्या तक्त्यात १९७ क्रमांकासमोर शून्याऐवजी आकडा दिसला, तर तेवढे सेक्टर वाचता आलेले नाहीत. ५ क्रमांकाचा आकडा वाढतोय, म्हणजे राखीव सेक्टर खर्ची पडताहेत. १९९ हा मात्र वाटेतल्या चुकांचा हिशेब, आणि तो कधी मागे येत नाही. म्हणून केबल बदलून तो नुसता स्थिरावला तरी समजावं, दोष केबलचाच होता. हे सगळं सामान्य माणसाने का वाचावं, असं विचारलं जातं. एक आज्ञा आणि तीन आकडे, यापलीकडे त्यात काही नाही. ते न वाचता हजारो रुपयांची खरेदी ठरवणं मला जास्त अवघड वाटतं.

एसएसडी आल्या म्हणून प्रश्न मिटला, असंही झालं नाही. इंटेलचा ‘आरएसटी’ मोड चालू असलेल्या कित्येक लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. विंडोज ८ पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज पुरतं बंद होत नाही आणि लिनक्स त्या पार्टिशनवर लिहायला नकार देतं. दोन्ही ठिकाणी बिघाड सेटिंगचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि आता जुन्या डिस्क असलेली मशीन लिनक्सच्या वाटेवर आहेत. त्यांत खरोखर थकलेल्या डिस्कही निघतील. तिथे १९७ समोर आकडा दिसला, तर आधी ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी. दुरुस्तीची कुठलीही आज्ञा त्यानंतर.