उद्याचा अश्वत्थामा

महाभारतातील पात्रे उद्याच्या जगात नेऊन उभी केली की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. रथाच्या जागी विमान आणि अस्त्राच्या जागी यंत्र, एवढाच हा खेळ असेल तर त्या आठ्या योग्यच होत. परंतु निकाल देण्यापूर्वी एक उदाहरण तपासून पाहू.

२०२४ साली नाग अश्विन यांचा ‘कल्की २८९८ ए.डी.’ हा तेलुगू चित्रपट आला. त्यातील काशी उजाड आहे. नगरावर तरंगणाऱ्या एका प्रचंड संकुलाने सारी सुबत्ता ओढून घेतली आहे. अशा जगात एका गर्भवती स्त्रीच्या रक्षणासाठी अश्वत्थामा उभा राहतो.

अश्वत्थामाच का? याचे उत्तर सौप्तिकपर्वात आहे. रात्री झोपलेल्यांना त्याने कापून काढले. पुढे उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. तेव्हा श्रीकृष्णाने त्याला ३००० वर्षे एकाकी भटकण्याचा शाप दिला. व्यासांनी अपराध सांगितला, दंडही सांगितला. पण त्या दंडातून माणूस सुधारतो की काय, हे तेथे सांगितलेले नाही. चित्रपटाने नेमकी ही मोकळी जागा हेरली आहे. ज्या हाताने गर्भावर घाव घातला, त्याच हाताने गर्भ राखावयाचा! ही कल्पना बाहेरून चिकटवलेली नव्हे. ती मूळ कथेच्या पोटातूनच निघाली आहे.

उलट, मारामारीचा आणि यंत्रांचा धडाका सुरू झाला की हाच प्रश्न मागे पडतो आणि उरते ती केवळ आतषबाजी. तेथे आठ्या पडल्या तर दोष प्रेक्षकाचा नाही.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. १९०७ साली खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन ओळखला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. तेथे विराटनगरी वर्तमानात आली. येथे कुरुक्षेत्र भविष्यात गेले. कसोटी मात्र एकच: काळ बदलल्यावर धर्माधर्माचा प्रश्न अधिक टोकदार झाला की बोथट?

आपल्या सातपुड्यातील अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीत यात्रेकरू चढतात, ते अश्वत्थाम्याचे स्थान मानून. शापिताकडेही माणसे श्रद्धेने जातात. त्याची कथा संपलेली नाही, हे त्यांना सांगावयास कोणा चित्रपटाची गरज नव्हती.