बाणाचा ताठा

नेरळ सोडून कळंबच्या वाटेला लागले, की वाटेच्या दोन्ही अंगांना कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या भेटू लागतात. एके काळी या वाड्यांतून तिरकमठा ही कोयत्याइतकीच साधी वस्तू होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि तिरकमठ्याचे मूळ कामच संपले. पण काम संपले म्हणून हात आणि नजर संपत नाहीत. राजस्थानातील लिंबाराम हा आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्यावर वाढला. 1987 साली क्रीडा प्राधिकरणाच्या निवडीत तो सापडला, 1988 साली सोलच्या ऑलिंपिकला गेला, आणि 1992 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याने जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. तेव्हापासून आदिवासी भागातील मुलांच्या हाती पुन्हा धनुष्य द्यावे, असे अनेकांना वाटू लागले. आम्हांलाही वाटते.

अडचण येते ती बाणापाशी. धनुष्य बांबूचे, घरचे किंवा गावच्या कारागिराने केलेले. आणि बाण मात्र बाजारातून आणलेले, काळेभोर, सरळसोट, कार्बनचे. कोणी हितचिंतक हौसेने डझनभर आणून देतो. मुलगा नेम धरतो, दोरी सोडतो, आणि बाण डावीकडे जातो. पुन्हा सोडतो, पुन्हा डावीकडे. शेवटी सगळे मिळून निकाल देतात की पोराचा नेमच वाईट. हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो, आणि त्यामुळे एखादे चांगले पोर हातचे जाऊ शकते. म्हणून आज थोडा वेळ या बाणाच्या ताठपणाचा विचार करू.

जुन्या घडणीच्या धनुष्यात बाण मुठीच्या मधून जात नाही, तो तिच्या बाजूने जातो. उजव्या हाताने तीन बोटांनी दोरी ओढणाऱ्याचा बाण मुठीच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो. मूठ दीड इंच रुंद धरा. बाणाची जाडी हिशेबात घेतली, तर त्याचा मध्य धनुष्याच्या मध्यरेषेपासून सुमारे 0.9 इंच बाहेर पडतो. दोरी 28 इंच ओढलेली असताना बाणाचा रोख मध्यरेषेपासून दोन अंशांहूनही कमी ढळलेला असतो. पण दोरी पुढे येऊन मुठीपासून सहा इंचांवर थांबते, तेव्हा बाणाचे शेपूट मध्यरेषेवर असते आणि अंग अजून मुठीला टेकलेले. आता तोच कोन साडेआठ अंशांच्या घरात जातो. बाण लोखंडी कांबीसारखा न वाकणारा असता, तर 25 मीटरवरच्या लक्ष्यापासून तो जवळजवळ पावणेचार मीटर डावीकडे जायला हवा होता.

आणि तरीही आमच्या वाडीतला म्हातारा नेमका मारीत होताच! इंग्रजीत या कोड्याला तिरंदाजाचा विरोधाभास म्हणतात. ते डोळ्यांनी उकलता येत नाही, कारण दोरी सुटल्यापासून बाण मोकळा होईपर्यंत सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग जातो. 1930 नंतरच्या दशकात हिकमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने अतिवेगवान चित्रीकरण केले, तेव्हा ते दिसले. बाण मुठीला वळसा घालून जातो! मागून दोरीचा रेटा आणि पुढे टोकाचे जड ओझे यांमध्ये दबून तो वाकतो. आधी एका बाजूला, मग उलट बाजूला. कावड घेऊन चालणाऱ्याच्या खांद्यावरची काठी जशी लवते, तसाच. हे लवणे वेळेवर झाले, तर शेपूट मुठीपाशी येते त्या क्षणी ते बाहेरच्या अंगाला झुकलेले असते, आणि पिसे मुठीला न शिवता निघून जातात. मग बाण थरथरत, पण सरळ रेषेत, लक्ष्याकडे जातो.

सगळी गोम 'वेळेवर' या शब्दात आहे. बाण फार ताठ असेल, तर तो पुरेसा वाकतच नाही. मूठ त्याला ढकलून देते आणि तो डावीकडे जातो. फार लवचीक असेल, तर वाजवीपेक्षा जास्त वाकून उजवीकडे जातो. (डावखुऱ्यांनी, आणि अंगठ्याने दोरी ओढून बाण उजव्या अंगाला ठेवणाऱ्यांनी, दिशा उलट समजाव्यात.) कळकाचा किंवा बोरूचा बाण करणारा कारागीर काडी हातात घेऊन वाकवून पाहतो, काही ठेवतो, काही टाकतो, तेव्हा तो हाच हिशेब बोटांनी करीत असतो. संस्कृतात 'शर' हा शब्द गवताच्या एका जातीलाही आहे आणि बाणालाही. पोकळ, हलकी, लवचीक काडी हेच बाणाचे पहिले रूप. कार्बनची नळी तिचीच नातलग आहे; फरक इतकाच, की तिची निवड कारखाना करतो, आणि ती त्याने आपले धनुष्य डोळ्यांसमोर ठेवून केलेली नसते.

कार्बनच्या बाणावर 500, 700, 1000 असे आकडे असतात. त्यांचा अर्थ सोपा आहे. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाण आडवा ठेवून मध्यभागी 880 ग्रॅम वजन टांगायचे. तो अर्धा इंच लवला तर 500, पूर्ण इंच लवला तर 1000. म्हणजे आकडा मोठा, तितका बाण नरम. दुकानात गेलेला नवशिका नेमका उलटे समजतो, आणि मोठा आकडा म्हणजे जोरदार बाण असे धरून चालतो.

लाकडी बाणांची जुनी रीत वेगळी होती. टेकू 26 इंचांवर, वजन दोन पौंड, आणि 26 ला लवणीच्या इंचांनी भागले की किती पौंडी धनुष्याचा बाण ते मिळे. दोन्ही रीतींचा मेळ घातला, तर कार्बनसाठी 26 ऐवजी साडेएकतीस घ्यावे लागतात. 500 चा बाण म्हणजे 63 पौंडांचा. 700 चा 45 चा, 1000 चा अवघा 31 पौंडांचा. आता पाहा, मुलाच्या हातातले बांबूचे धनुष्य तीस पौंडांचे असेल आणि त्याला 500 चे बाण दिले असतील, तर ते दुपटीने ताठ झाले! मग पोराच्या नेमाला दोष देऊन काय उपयोग?

दुकानातला तक्ताही येथे फसवतो. तो बहुधा स्पर्धेच्या धनुष्यांसाठी केलेला असतो. त्यांची मूठ मध्यापर्यंत कापलेली असते, त्यामुळे बाणाला वळसा घालावा लागतच नाही, किंवा अगदी थोडा लागतो. तिथे चालणारा बाण रुंद मुठीच्या धनुष्यावर ताठ पडतो.

आमच्या मते घरच्या घरी करण्याजोगा उत्तम उपाय असा. धनुष्याचा खरा जोर आधी काट्याने मोजावा, आणि तोही मुलगा प्रत्यक्ष जितके ओढतो तितक्याच ओढीवर. 28 इंचांवर 40 पौंड भरणारे धनुष्य 25 इंचच ओढणाऱ्या पोराच्या हातात तीस-बत्तीस पौंडांचे असते. मग भिंतीत 28 इंचांवर दोन खिळे ठोकावेत, वाण्याकडून 880 ग्रॅम भरेल अशी पाण्याची बाटली तोलून आणावी, आणि त्या धनुष्यावर नीट जाणारा जुना बांबूचा बाण, पुरेसा लांब असल्यास, खिळ्यांवर ठेवून लवण मोजावी. बांबू सगळ्या बाजूंनी सारखा लवत नाही, म्हणून फिरवून फिरवून मोजावी. मिलिमीटरात आकडा आला तर 12.7 म्हणजे 500 आणि 25.4 म्हणजे 1000. कार्बनचा बाण तेवढाच, किंवा थोडा अधिक लवणारा घ्यावा. कारण तो बांबूपेक्षा हलका असल्याने वाकून लवकर सरळ होतो, म्हणजे चालीला अधिक ताठ असतो.

बाण आधीच विकत घेऊन झाले असतील, तरी सगळे बिघडले असे नाही. टोक जड केले की बाण नरमासारखा वागतो. 100 ग्रेनच्या जागी 150 किंवा 200 ग्रेनचे टोक लावून पाहावे. एक ग्रॅम म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रेन. मात्र नळी कापण्याची घाई करू नये. लवण लांबीच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे 30 इंचांची नळी 28 ची केली की ती जवळजवळ चौथाईने ताठ होते, आणि कापलेले परत जोडता येत नाही. मुठीवर चामड्याची पट्टी गुंडाळल्यास बाण आणखी बाहेर सरकतो, हेही ध्यानात असावे.

शेवटची परीक्षा बिनपिसांच्या बाणाने करायची. दहा-पंधरा मीटरवर पिसांचे दोन-तीन बाण मारून मग पिसे काढलेला एक मारावा. पिसांच्या बाणांच्या डावीकडे पडला तर ताठ, उजवीकडे पडला तर नरम. एका बाणावर भरवसा ठेवू नये, पाच-सहा वेळा पाहावे. घाबरलेला हात दोरी नीट सोडीत नाही.

याहून मोठी गोष्ट धनुष्याच्या जिवाची आणि मुलाच्या हाताची आहे. बाण फार हलका असेल, तर दोरीचा सगळा जोर बाणात जात नाही, उरलेला बांबूवर येतो. लाकडी-बांबूच्या धनुष्याला दर पौंडामागे निदान 8 ते 10 ग्रेन बाण हवा. म्हणजे तीस पौंडांच्या धनुष्याला 16 ते 20 ग्रॅमचा. स्वस्त, पातळ कार्बन पुष्कळदा याच्या खाली येतो. आणि कार्बनला चीर पडली तर ती बांबूसारखी दिसत नाही. दगडाला किंवा दुसऱ्या बाणाला आपटलेली नळी प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी किंचित वाकवून, पिळून, कानाशी धरावी. करकर ऐकू आली तर तो बाण तिथेच मोडून टाकावा. तशी नळी दोरीवर फुटली, तर तिच्या सुया धनुष्य धरणाऱ्या हातात शिरतात.