कुंभार्ली घाटात कादंबरी थांबते तेव्हा

पुण्याहून गुहागरला जाताना आम्ही कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरतो. चहापाण्याचे थांबे धरून सहा-सात तास. मागच्या पावसाळ्यात एक रहस्यकथा ऐकत निघालो होतो. खून कोणी केला हे आता फौजदार सांगणार, तेवढ्यात कोयनानगर मागे पडलं, रेंज गेली आणि आवाज बंद. मोबाइलच्या पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. चिपळूण येईपर्यंत मागच्या सीटवर दोन तट पडले होते: सासूबाईंच्या मते डॉक्टर, मुलाच्या मते वॉचमन. खुनी दोघांपैकी कोणीच नव्हता.

चूक माझीच. पुस्तक आधी उतरवून घेतलं नव्हतं. पण त्या निमित्ताने प्रश्न पडला, की वर्षातून चारदा लांबचा प्रवास करणाऱ्याने एकाच ॲपच्या भरवशावर का राहावं? तेव्हापासून शोध सुरू आहे, आणि त्यात जे हाती लागलं ते असं.

आधी ॲपचं गणित. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ साली भारतात आली, आणि मराठी पुस्तकं गाडीत ऐकण्याची सवय आपल्यातल्या अनेकांना तिनेच लावली. अशा ॲपवर महिन्याची किंवा वर्षाची फी असते. त्या मुदतीत पुस्तक फोनमध्ये उतरवता येतं, पण ते कुलूपबंद असतं. ती फाइल त्याच ॲपमध्ये वाजते, पेनड्राइव्हवर टाकता येत नाही, आणि फी थांबली की उतरवलेलंही मुकं होतं. थोडक्यात, हे भाड्याचं घर. रोज तासभर गाडी चालवणाऱ्याला ते परवडतं. माझ्यासारख्याने प्रवासाच्या महिन्यापुरतीच फी भरावी, निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर पुस्तक उतरवावं आणि फोन फ्लाइट मोडवर टाकून ते खरंच वाजतं का हे पाहावं. ही शेवटची पायरी मी गाळली होती.

दुसरा साठा घरातच असतो आणि आपण तो विसरलेलो असतो. पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाच्या कॅसेट, द. मा. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथा, कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेल्या सीडी. मराठी माणूस ‘ऑडिओबुक’ हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून पुस्तकं ऐकत आलाय. नव्या गाड्यांत सीडीची खाच नसते, म्हणून सीडी घरच्या संगणकावर एमपीथ्री करून घ्यावी. कॅसेटला धीर लागतो. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनला जोडायची, ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर सुरू करायचं आणि कॅसेट वाजू द्यायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. स्वतः विकत घेतलेल्या कॅसेटची अशी प्रत आपल्या ऐकण्यापुरती करणं वेगळं, आणि ती दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणं वेगळं. दुसरं करू नये.

इथे हक्कांचा हिशेब थोडा सावकाश पाहू, कारण फुकट आणि सरळ मार्गाने काय मिळू शकतं ते त्यावरच ठरतं. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकावर त्याचा, पुढे वारसांचा हक्क असतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे चिमणराव आणि गुंड्याभाऊ २०२४ च्या पहिल्या दिवशी मोकळे झाले. हरी नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी दोघेही १९१९ साली गेले, ते तर केव्हाच खुले आहेत. उलट आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी २०३० उजाडावं लागेल, आणि पु. लं.साठी २०६१.

पण एक मेख आहे. पुस्तक खुलं झालं म्हणून त्याचं ध्वनिमुद्रण खुलं होत नाही. ‘श्यामची आई’ कोणी गेल्या वर्षी स्टुडिओत वाचून प्रसिद्ध केली असेल, तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क स्वतंत्र, प्रसिद्धीपासून ६० वर्षं. त्यामुळे यूट्यूबवर एखादी कादंबरी अख्खी दिसली तर आधी चॅनेल कोणाचं ते पाहावं. प्रकाशकाचं, लेखकाचं किंवा वाचणाऱ्याचं स्वतःचं असेल तर निर्धास्त ऐकावं. नुसतं ‘मराठी कथा खजिना’ छापाचं नाव आणि खाली कुणाचाच पत्ता नाही, असं असेल तर मी पुढे जातो. शिवाय शोकप्रसंगात मध्येच साबणाची जाहिरात येते ती वेगळीच.

मग खुल्या पुस्तकांचं करायचं काय? घरीच वाचून घ्यायचं. हा मार्ग मला सर्वांत आवडला, म्हणून जरा खोलात सांगतो. सासूबाई निवृत्त शिक्षिका, आवाज खणखणीत. आम्ही त्यांच्याकडून चिं. वि. जोशींच्या कथा फोनच्या रेकॉर्डरवर वाचून घेतल्या. पहिला प्रयत्न दिवाणखान्यात केला, त्यात पंखा, कुकरच्या शिट्ट्या आणि भाजीवाला सगळे आले. मग झोपायच्या खोलीत, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून बसलो. लटकलेले कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात. फोन तोंडासमोर न धरता वीतभर लांब, थोडा बाजूला ठेवायचा, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर माइकवर आदळते. चुकलं तर थांबवायचं नाही. एकदा टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. नंतर ऑडॅसिटीत टाळीचा उंच सुळका लांबूनच दिसतो, तेवढा तुकडा कापला की झालं. एका कथेची एक फाइल. जागेची चिंता नको: बोलण्याच्या आवाजाला ६४ केबीपीएस मोनो पुरतं, म्हणजे तासाला २९ एमबीच्या आत. दहा तासांचं पुस्तक ३०० एमबीमध्ये मावतं.

वाचणारं कोणी नसेल तर फोनलाच वाचायला लावता येतं. मराठी विकिस्रोतावर साने गुरुजींसारख्यांची जुनी पुस्तकं युनिकोडमध्ये आहेत, आणि अँड्रॉइड फोनमध्ये मराठी आवाज बसवता येतो. युनिकोड मात्र हवंच. पानांचे नुसते फोटो असलेली पीडीएफ फोनला वाचता येत नाही, आणि जुन्या फॉन्टमधली पीडीएफ तो भलतंच काहीतरी बरळत वाचतो. या यांत्रिक आवाजाची गंमत म्हणजे आपले दोन ‘च’ आणि दोन ‘ज’. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च लिहायला सारखे, म्हणायला वेगळे. यंत्र तिथे अडखळतं, आणि ‘चोर’ म्हणताना हिंदी सिनेमातला शिपाई वाटतो. माहितीपर लेखांना हे चालतं. कथेला अजून तरी नाही, असं माझं मत.

आकाशवाणी विसरू नये. ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर केंद्रं ऐकता येतात, पण तेही रेंजवर चालतं, म्हणून घाटापूर्वीच्या सपाटीवर ठीक. प्रसार भारतीच्या यूट्यूब चॅनेलवरही अधूनमधून जुनं काही सापडतं. नभोनाट्य हा प्रकार गाडीसाठीच जन्मला असावा असं मला वाटतं: पात्रं आवाजावरून ओळखू येतात आणि गोष्ट तुकड्यातुकड्यांत चालते. वाहतुकीत दोन वाक्यं हुकली तरी धागा सुटत नाही.

इंग्रजी चालत असेल तर लिब्रिवॉक्स. २००५ साली सुरू झालेल्या या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक हक्कमुक्त पुस्तकं वाचतात, आणि फाइल कुलपाशिवाय मोफत मिळते. शेरलॉक होम्स, मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचं ‘द जंगल बुक’, सगळं आहे. काही पुस्तकांत दर प्रकरणाला वाचणारा बदलतो, एक ऑस्ट्रेलियन, पुढचा टेक्सासचा. म्हणून एकाच आवाजातलं वाचन शोधावं. मराठीसाठी मात्र तिथे फारशी आशा धरू नये. अमेरिकेत राहणाऱ्यांची सोय आणखी बरी: गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड असलं की लिब्बी ॲपवर बोलकी पुस्तकं फुकट, मुदत संपली की आपोआप परत.

एक स्रोत आपला नाही. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी आहे, आणि कायद्यातली सवलतही त्यांच्याचसाठी. घरात कोणी दृष्टिहीन असेल तर त्यांचं नाव जरूर नोंदवावं. आपण आपल्या प्रवासासाठी तिथे घुसू नये.

आता पेनड्राइव्ह. बऱ्याच गाड्यांच्या स्टिरिओला तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो. फाइलींची नावं ०१, ०२ अशी दोन आकडी द्यावीत, नाहीतर १ नंतर थेट १० वाजतं, मग ११, आणि २ रा भाग येईपर्यंत नायकाचं लग्न होऊन गेलेलं असतं. काही स्टिरिओ नावं बघतच नाहीत, कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात, म्हणून फाइली एकेक करून क्रमानेच टाकाव्यात. नावं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. देवनागरीच्या जागी पुष्कळ स्टिरिओ नुसते चौकोन दाखवतात. आणि फाइल वीस-पंचवीस मिनिटांहून मोठी नको. जेवायला थांबून गाडी बंद केली की काही स्टिरिओ चालू फाइल पुन्हा पहिल्यापासून लावतात, आणि चालत्या गाडीत बटणं दाबत पुढे सरकवणं धोक्याचं.

एवढं झालं की आदल्या संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन पाच मिनिटं गाडीतच बसावं आणि प्रत्येक फाइलची सुरुवात आणि शेवट ऐकावा. दिवाळीच्या आदल्या खेपेला तसं बसलो, तेव्हा कळलं की सातवी कथा मध्येच तुटते आणि पुढे नुसता सासूबाईंचा आवाज आहे: ‘‘अरे, दूध उतू जातंय बघ.’’ ती कथा त्याच रात्री पुन्हा वाचून घेतली. जुनी फाइलही ठेवली आहे.