कोड म्हणजे शाप नव्हे



लोणावळ्याच्या आसपास आणि मावळातल्या कातकरी, ठाकर वाड्यांवर मी कामानिमित्त जातो. अंगावर पांढरा डाग उठला की तो झाकला जातो. मुलगी असेल तर लग्नाची बोलणी मोडतात. म्हणून या अंकात कोडाविषयी.

शरीराची रोगांशी लढणारी शक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते आणि कातडी दुधासारखी पांढरी होते. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने कोड होत नाही.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी ते लपवले नाही. 'श्वेता असोसिएशन' उभी केली, कोड असलेल्यांसाठी वधू-वर मेळावे भरवले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' (२००६) हा चित्रपटही याच विषयावर आहे. गायक मायकल जॅक्सनने १९९३ मध्ये आपल्या त्वचेचा आजार जाहीरपणे सांगितला. त्याच्या स्मृतिदिनी, २५ जूनला, जागतिक कोड दिन पाळला जातो.

मात्र प्रत्येक डाग कोडाचा नसतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे स्पर्श कळेनासा होतो. कोडाच्या डागावर स्पर्श कळतो. शंका आल्यास रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते व रोग बरा होतो.

वाडीवर आमच्यासोबत याल, तेव्हा कोड असलेल्या बहिणीच्या हातचा चहा आनंदाने घ्या. आणि आपल्या मंडळीत सोयरीक जुळवताना डाग पाहून स्थळ नाकारू नका.