पाटणादेवीला जाल तेव्हा शिलालेखही पाहा



पोळा झाला, निंदणी-कोळपणी आटोपली आणि कापूस वेचायला अजून अवकाश आहे. असे मोकळे दिवस वर्षात थोडेच मिळतात. या दिवसांत घरच्या मंडळींना घेऊन एकदा पाटणादेवीला जाऊन या. कळण्याची भाकरी आणि भरीत बरोबर बांधून घ्या, म्हणजे दिवसभराची निश्चिंती.

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत चंडिकादेवीचे हे जुने दगडी देऊळ आहे. धुळ्याहून चाळीसगावला रेल्वेचा फाटा आहे. जळगावकडून येणाऱ्यांना मुंबईच्या मार्गावर ते स्टेशन लागतेच. देवीचे दर्शन घ्यावे, महादेवाचे प्राचीन देऊळ पाहावे, पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा पाहावा. डोंगरापलीकडे, कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याची दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. एवढे पाहून बहुतेक मंडळी घरी परततात. शेतकऱ्याने आवर्जून पाहावी अशी वस्तू मात्र राहूनच जाते. ती म्हणजे देवळातला शिलालेख.

हा लेख इसवी सन १२०७ मधला आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने येथे मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेव या स्थानिक राजाने त्याला दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटी त्या काळची मराठी आहे. मठ चालायचा कशावर, ते तिथे लिहिले आहे. बाजारातल्या मालावर राजाला मिळणारा कर मठाला दिला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील, तितक्यांमागे पळी-पळी तेल. गावात जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे आणि मापाईतला अर्धा वाटा मठाला द्यावा.

बंधूंनो, याचा अर्थ लक्षात घ्या. ते तेल कुणाच्या गळिताच्या धान्याचे होते? ते धान्य कुणाच्या खळ्यावरून आले होते? राजाने नाव दिले, पण शाळेचा दिवा तुमच्या-आमच्या पूर्वजांच्या तेलावर जळत होता.

आणि त्या विद्येनेही शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडले नाही. ‘लीलावती’त धान्याची रास मोजण्याची रीत दिली आहे. राशीचा परीघ दोरीने मोजा. हरभऱ्यासारखे जाड धान्य असेल तर परिघाचा दहावा भाग, बारीक धान्याचा अकरावा आणि कुसळाच्या धान्याचा नववा भाग ही उंची धरा. परिघाला सहाने भागा, येईल त्याचा वर्ग करा आणि उंचीने गुणा. समजा, हरभऱ्याच्या राशीचा परीघ ६ मीटर आहे. उंची ०.६ मीटर धरली की रास झाली ०.६ घनमीटर. आजच्या गणिताने पडताळले तरी फरक फार पडत नाही.

दोन सूचना. हा परिसर गौताळा अभयारण्यात येतो. तिथे जाळ करू नये, प्लॅस्टिक टाकू नये. डोंगरात मोठा पाऊस असेल तर ओढ्यात उतरू नका. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी याच डोंगरातून आलेल्या पुराने चाळीसगाव तालुक्यात केवढे नुकसान केले, ते आपण पाहिले आहे. शिलालेखावर शेंदूर, तेल किंवा खडू लावू नका. नुसता पाहा आणि मुलांना समजावून सांगा.

हंगामात खळ्यात रास पडली की मुलांच्या हाती दोरी द्या आणि हिशेब त्यांनाच करू द्या. गावच्या शाळेचे छप्पर गळत असेल, पुस्तके कमी असतील, तर सरकारकडे मागणी जरूर करा; पण त्याबरोबर आपल्या राशीतले पायलीभर धान्यही तिकडे पोहोचू द्या. आठशे वर्षांपूर्वी आपल्या भागात हे घडले होते. दगडावर तसे लिहून ठेवले आहे.