मनोऱ्याऐवजी लपण

पहाटे 5.45. सौंसरहून निघताना अंगावर दोन स्वेटर, पिशवीत टेप, ओळंबा, होकायंत्र आणि दुर्बीण. जानेवारीचा शेवटचा आठवडा. तलाव सिंचनाचा, मातीच्या पाळीचा. हिवाळी पाहुण्या बदकांना पाहण्यासाठी इथं लाकडी लपणगृह उभारायचंय आणि आज जागा पक्की करायचीय.

6.50. सूर्य पूर्वेला नव्हे, आग्नेयेकडे सरकून उगवतो. हिवाळाभर तो दक्षिणेकडूनच फिरतो. म्हणून दक्षिण काठावर बसून उत्तरेकडे पाहिलं तर दिवसभर ऊन आपल्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर. समोरच्या काठावरून चक्रवाकाचा नारिंगी रंगसुद्धा काळा दिसतो. निम्मी जागा अशी ठरली. उरलेली ठरवली जाळं आवरत बसलेल्या एका भाऊंनी. गव्हाला पाणी सुटलं की तलाव रोज थोडा मागे हटतो, उघड्या गाळात डांगरवाड्या लागतात. आज पाण्यालगत बांधलेली खोली मार्चात टरबुजांकडे बघत बसेल. "त्या तिकडं जुन्या नाल्याची कोंड हाय ना, तिथं मेपर्यंत पाणी राह्यते जी," भाऊ म्हणाले. माझ्या नकाशावर ती कोंड नव्हती. खुंटी तिथंच ठोकली.

8.30. मिस्त्रीकाका आले ते नाराजीनंच. "काहून जी ताई, मचाण म्हणता आन् जमिनीवरच बसवून राह्यले? वरतून चांगलं दिसन ना!"

त्यांचं चूक नाही. या पट्ट्यात मचाण म्हणजे पेंचच्या जंगलातलं, नाहीतर रानडुकरं हाकायला शेतात उभारलेला माळा. वाघासाठी, डुकरासाठी उंची हवीच. बदकाचं गणित वेगळं. उंचावर उभा माणूस त्याला आभाळाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो, आणि अख्खा थवा उडतो. नांदूर मध्यमेश्वरला मनोरे आहेत, हे मला प्रत्येक बैठकीत ऐकवलं जातं. रामसर यादीत गेलेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. पण तिथला फुगवटा अफाट, पक्षी लांब. तिथं उंचीचा उपयोग आहे. आपली कोंड हाकेच्या अंतरावर. इथं उंच काही बांधणं म्हणजे पक्षी पाहायला यायचं आणि त्यांनाच हाकलायचं.

मग चुन्यानं आखणी. बारा फूट बाय आठ, सहा माणसांपुरती. बाकाची उंची दीड फूट, बसल्या माणसाचे डोळे सत्तेचाळीस इंचांच्या आसपास, तिथं दहा इंचांची आडवी फट. मुलांसाठी दुसरी फट खाली. मागची भिंत मात्र पूर्ण बंद. मागून उजेड आला तर आतल्या माणसांच्या हलत्या सावल्या फटीतून पाण्यावरून दिसतात, आणि लपण्यात अर्थ उरत नाही. दारापर्यंत यायच्या वाटेला दोन्ही बाजूंनी पऱ्हाटीचा कूड. कपाशी उपटायचे हेच दिवस, वावरावावरांत ढीग पडलेत. फळ्यांची जमीन करायचीच नाही. पावलांची धडधड होते आणि लाकूडही फुकट जातं. मुरूम ठोकला की झालं.

10.30. इथून पुढचा दीड तास काकांचा, मी फक्त लिहून घेते. लाकूड कायम कोरडं राहिलं तर टिकतं, कायम पाण्याखाली राहिलं तरी टिकतं. कुजतं ते मधल्या पट्ट्यात, जिथं ते भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही मिळतात. पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या खेळासाठी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. ते एक दिवस उभं राहिलं की त्याचं काम संपलं. आमच्या खांबांना वीस वर्षं उभं राहायचंय, म्हणून एकही खांब मातीत नाही. त्यात ही काळी माती: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडतात. खड्डा मुरूम लागेपर्यंत खणायचा, त्यावर काळा दगड, दगडावर लोखंडी बूट आणि बुटात खांब, मातीपासून वीतभर वर.

12.30. आरा मशीन. साग हवा, पण गाभ्याचा. बाहेरचा पांढरा भाग वाळवी चाटून खाते. विरळणीच्या स्वस्त बल्ल्यांत पांढराच भाग जास्त, म्हणून त्या फक्त कुडाला, दोन-तीन वर्षांनी बदलायच्या ठिकाणी. मुख्य सांगाडा डेपोच्या लिलावातल्या सागाचा, शिक्का आणि टीपी (वाहतूक परवाना) पाहूनच. टिकाऊ, पर्यावरणपूरक असे शब्द प्रस्तावात लिहायचे आणि लाकूड कुठून आलं ते विचारायचं नाही, हे मला जमत नाही.

2.00. डब्यातला सोलेभात.

3.30. पांढुर्ण्याचं एक कार्यालय. 2017 च्या आर्द्रभूमी नियमांत, नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायला मनाई आहे. मात्र खास सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या नियमांच्या व्याख्येत येत नाहीत. "मग तुम्हाला नियमच नाही, सिमेंटनं बांधा की," टेबलापलीकडचे साहेब म्हणाले. बदकांना ही व्याख्या कोणी वाचून दाखवलेली नाही. आमचा सांगाडा नटबोल्टचा, भिंती बांबूच्या ताट्यांच्या. उद्या कोंड गाळानं भरली तर दोन दिवसांत उकलून ट्रॅक्टरवर टाकता येईल.

5.30. परतीच्या वाटेवर छपराचा वाद. मला कवेलू हवे होते. काका हसले: "वांदरं नाचतीन ना वर!" खरंय. नुसता टिन घातला तर चमकतो, आणि ऊन चढलं की तडतडतो. शेवटी खाली टिन, वर बांबूची चटई, दर दिवाळीनंतर बदलायची, असं ठरलं. जवसाचं तेल सांगाड्याला.

8.30. नकाशा पूर्ण करत असताना सरपंचांचा फोन. मनोरा नाही तर निदान सेल्फी पॉइंट तरी द्या, लोक विचारतात. त्यांना म्हटलं, तलावाची पाळ तुमचीच, पाण्यापेक्षा चांगली उंच, कोंडीपासून लांब. तिथं एक कठडा, दोन बाकं आणि गाड्या लावायला जागा करू. सगळा तलाव एका नजरेत येतो. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "त्याचा खर्च वेगळा दाखवा."

वेगळं पान काढून कठड्याचं माप लिहायला घेतलं.