न विटलेला शृंगार

१९७२च्या ऑक्टोबरात बर्नार्दो बेर्तोलुच्ची यांचा 'लास्ट टँगो इन पॅरिस' न्यूयॉर्कच्या महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा पॉलीन केल या दबदबा असलेल्या समीक्षिकेने त्याला चित्रपटकलेतली क्रांतीच ठरवलं. पुढे इटलीत न्यायालयाने १९७६ साली त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम काढला आणि जगभरच्या रसिकांची सहानुभूती आपसूक दिग्दर्शकाकडे वळली. कात्री घेऊन बसलेली सत्ता एकीकडे, कलावंत दुसरीकडे; बाजू निवडणं सोपं होतं.

आज तो चित्रपट पाहवत नाही. त्याला नग्नता कारण नाही. मार्लन ब्रँडो तेव्हा पन्नाशीकडे झुकलेला, मारिया श्नायडर एकोणीस वर्षांची. चित्रपटातलं बलात्काराचं ते कुप्रसिद्ध दृश्य पटकथेत नव्हतं, चित्रीकरणाच्या जरा आधी आपल्याला सांगण्यात आलं आणि पडद्यावरचे आपले अश्रू खरे होते, असं श्नायडरने २००७ साली मुलाखतीत सांगितलं. समागम खोटा होता, अपमान खरा होता. त्या दृश्यात लोणी वापरायचं हे आपण तिला मुद्दाम सांगितलं नाही, कारण अभिनेत्रीची नव्हे, मुलीची प्रतिक्रिया हवी होती, अशी कबुली २०१३ साली खुद्द बेर्तोलुच्ची यांनी दिली. हे कळल्यावर त्या दृश्याकडे अभिनय म्हणून बघताच येत नाही. कॅमेऱ्याने तिथे एका मुलीची फसवणूक टिपली आहे.

'लास्ट टँगो'च्या पुढच्याच वर्षी निकोलस रोग यांचा 'डोन्ट लुक नाऊ' आला. डाफ्ने द्यु मोरिये यांच्या कथेवरचा हा भयपट. लहान मुलगी घरामागच्या तळ्यात बुडून गेलेली. तिचे आईबाप जॉन आणि लॉरा हिवाळ्यातल्या व्हेनिसमध्ये आलेले, कारण जॉनकडे एका जुन्या चर्चच्या डागडुजीचं काम आहे. डोनाल्ड सदरलँड आणि ज्युली क्रिस्टी यांचं हॉटेलातल्या खोलीतलं प्रणयदृश्य त्या काळात इतकं गाजलं की ते खरंच घडलं असावं, ही अफवा कित्येक वर्षं विझली नाही. सदरलँड यांनी ती पुन्हापुन्हा खोडून काढली.

हे दृश्य नीट पाहावं असं आहे. दोघांचे देह एकमेकांत गुंतलेले असतानाच संकलक मधे मधे नंतरचे क्षण पेरत जातो: जेवायला बाहेर जाण्यासाठी तो कपडे चढवतोय, ती आरशापुढे तयार होतेय. संवाद जवळजवळ नाहीत, पिनो दोनाज्जिओ यांचं हळवं संगीत तेवढं चालू. शृंगार घडत असतानाच त्याची आठवण होत चाललेली आपल्याला दिसते. लॉराच्या चेहऱ्यावरचं ते किंचित हसू, अंगातल्या उबेची खूण, कपडे घालतानाही टिकून आहे. मुलगी गेल्यापासून हे नवराबायको बहुधा पहिल्यांदाच एकमेकांच्या इतके जवळ आलेत. दोघांनाही ते हवं होतं, आणि ते दोघांच्याही चेहऱ्यावर वाचता येतं. अमेरिकेतलं प्रमाणपत्र मिळवायला रोग यांना मोजक्या फ्रेम काढाव्या लागल्या. दृश्याचं त्याने काही बिघडलं नाही.

पडद्यावर किती कापड होतं, यावर शृंगारपटांचं आयुष्य ठरतं असं आपल्याकडे सर्रास मानतात. सूचक ते टिकाऊ, उघडं ते सवंग. मला हे पटत नाही. पटलं असतं, तर नागिसा ओशिमा यांचा 'इन द रिअल्म ऑफ द सेन्सेस' (१९७६) कधीच विसरला जायला हवा होता. त्यात काहीही झाकलेलं नाही. १९३६ साली तोक्योत साडा आबे या स्त्रीने प्रियकराचा गळा आवळून त्याचं लिंग कापलं, त्या खऱ्या घटनेवर तो बेतलेला आहे. जपानी कायद्यातून वाट काढण्यासाठी चित्रीकरण जपानात झालं, पण फिल्म धुण्यासाठी फ्रान्सला पाठवली गेली. पटकथा आणि छायाचित्रांच्या पुस्तकावरून ओशिमांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९८२ साली ते निर्दोष सुटले.

त्या चित्रपटात एक दृश्य आहे ज्यात कुणीच कुणाला स्पर्श करत नाही. कीची हा नायक रस्त्याच्या कडेने चाललाय. समोरून सैनिकांची पलटण येतेय, लोक झेंडे हलवताहेत. तो मान खाली घालून उलट दिशेला निघून जातो. एवढंच. वर्ष १९३६, सगळा देश युद्धाच्या दिशेने कूच करतोय आणि हा माणूस एका बाईच्या खोलीकडे. ओशिमांनी कामवासनेला राजकारणाच्या शेजारी आणून उभं केलं, तेही भाषण न ठोकता. आणि साडा इथे कुणाच्या भुकेची वस्तू नाही. मागणारी तीच आहे, शेवटापर्यंत.

साडा साकारणाऱ्या एइको मात्सुदाला मात्र याची किंमत मोजावी लागली. नायक तात्सुया फुजी यांची कारकीर्द पुढे चालू राहिली. तिला मायदेशात इतकी हेटाळणी सोसावी लागली की ती जपान सोडून गेली. श्नायडर आणि मात्सुदा दोघीही १९५२ साली जन्मल्या, दोघीही २०११ साली गेल्या. म्हणजे चित्रपट काळावर मात करून गेला तरी त्यातली बाई सुटतेच असं नाही. अशा चित्रपटांचं कौतुक करताना हा हिशेब डोळ्यांआड करू नये.

वाँग कार-वाय यांच्या 'इन द मूड फॉर लव्ह'विषयी (२००० साल) पुष्कळ लिहिलं गेलंय, तरी त्याला टाळून पुढे जाता येत नाही. १९६२चं हाँगकाँग. शांघायहून आलेल्या कुटुंबांची दाटीवाटीची घरं, भाड्याच्या खोल्या, रात्रभर रंगणारे माजाँगचे डाव, आणि सगळ्यांचं सगळ्यांकडे लक्ष. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. शेजारी राहणाऱ्या दोघांना कळतं की आपापल्या जोडीदारांचं एकमेकांशी जमलंय. त्या जोडीदारांचे चेहरे वाँग आपल्याला एकदाही दाखवत नाहीत. मॅगी चंगची सू नूडल्स आणायला डबा घेऊन अरुंद जिना उतरते, टोनी लिआंगचा चाऊ वर येतो, दोघं अंग चोरून एकमेकांना वाट देतात. गळ्याशी ताठ बसणारा तिचा चिनी पोशाख, शिगेरू उमेबायाशींचं व्हायोलिन, मंदावलेली गती. वाँग यांनी या दोघांचं प्रणयदृश्य चित्रित केलं होतं आणि नंतर काढून टाकलं. माझ्या मते तो निर्णय सोवळेपणाचा नव्हता. आपल्याला फसवणाऱ्यांसारखं व्हायचं नाही, हा त्या दोघांचा हट्ट आहे. दृश्य ठेवलं असतं तर हट्टच संपला असता. २०२२ साली 'साइट अँड साउंड'च्या समीक्षकांनी आजवरच्या सर्वोत्तम चित्रपटांत त्याला पाचवं स्थान दिलं.

आपल्याकडे 'मुघल-ए-आझम'मधलं (१९६०) पिसाचं दृश्य याच घराण्यातलं. बडे गुलाम अली खाँसाहेबांचा सोहनी चालू आहे आणि सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतोय. हे चित्रित झालं तेव्हा आपण आणि मधुबाला एकमेकांशी बोलतही नव्हतो, हे दिलीपकुमार यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. तरी मधुबालाचे अर्धे मिटलेले डोळे पाहताना शंका येत नाही. तिला तिचं काम ठाऊक होतं, म्हणून ते दृश्य आजही स्वच्छ वाटतं.

मराठीत शृंगार म्हटलं की आधी 'पिंजरा' (१९७२) आठवतो. जोसेफ फॉन स्टर्नबर्गच्या 'द ब्लू एंजल'वरून घडलेला. राम कदमांचं संगीत आणि खेबुडकरांचे शब्द तसूभरही जुने झालेले नाहीत. चित्रपटाची नजर मात्र झाली आहे. तिथे बाईचा देह म्हणजे सद्गुणी पुरुषाच्या वाटेतला खड्डा.

पाच वर्षांनी, १९७७ साली, डॉ. जब्बार पटेल यांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून 'जैत रे जैत' केला, आणि आपल्या मराठीतला सर्वांत टिकाऊ शृंगारपट तोच, असं मी ठामपणे म्हणेन. ठाकरांची वाडी, लिंगोबाचा डोंगर, त्यावरची आग्या मोहोळं. ढोल वाजवणारा नाग्या आणि नवऱ्याला सोडून आलेली चिंधी. मोहन आगाशे नाग्या झाले आहेत. स्मिता पाटील तेव्हा जेमतेम बाविशीची. तिचं लुगडं गुडघ्यावर आहे, अंग उन्हाने रापलेलं आहे, आणि कॅमेरा त्याचं भांडवल करत नाही, कारण त्या डोंगरात सगळेच असे आहेत. चिंधी नाग्याकडे बघते ती थेट. हा पुरुष तिला हवाय आणि ते सांगायला तिला कुणाची परवानगी लागत नाही. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आणि ना. धों. महानोरांची ओली, रानातली भाषा तिची ती इच्छा आभाळापर्यंत नेतात. बेर्तोलुच्चींना एका मुलीकडून जे हिसकावून घ्यावं लागलं, ते इथे एक अभिनेत्री स्वतःहून, उमजून देते.

हा चित्रपट आपण गाण्यांपुरता उरवला आहे. कार्यक्रमांत, गाडीत, फोनवर ती गाणी कानावर पडतात आणि चिंधी विसरली जाते. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की या सुट्टीत तो सलग, पहिल्या दृश्यापासून पाहा, आणि घरातल्या वयात आलेल्या मुलामुलींना सोबत बसवा.